चेंडू आणि पाटी

खेळ हा शिक्षणाचा वैरी आहे, ही समजूत आपल्या खेड्यांत फार जुनी आहे. पोरगा चेंडूच्या नादीं लागला म्हणजे पुस्तकाला मुकला, असें वडील माणसें सहज बोलून जातात. आणि ज्या घरांत मुलगा दहा वर्षांचा झाला कीं गुरांमागें जातो, त्या घराला तर खेळ ही दुहेरी चैनच वाटते. असें असतां गेल्या चाळीस वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांत कांहीं मंडळींनीं याच्या अगदीं उलट प्रयोग करून पाहिला आहे. ज्या मुलाला शाळेच्या दारापर्यंत कोणी आणूं शकलें नाहीं, त्याला फुटबॉलच्या मैदानावरून तेथें नेतां येतें, असें त्यांचें म्हणणें आहे. नेतां येतें कीं नाहीं, हा प्रश्न आतां फारसा उरलेला नाहीं. असें नेणें उचित आहे काय, आणि कोणत्या अटीवर, हें मात्र विचार करण्याजोगें आहे. कारण मुलाच्या आवडीचा उपयोग करून त्याला आपल्या मनासारख्या ठिकाणीं नेण्यांत थोडी फसवणूक असूं शकते.

पूर्वीं खेळ आणि शाळा यांची सांगड काठीनेंही घातली गेली आहे. सन १८९१ मध्यें श्रीनगर येथील मिशन शाळेंत टिंडेल-बिस्को साहेबांनीं प्रथम फुटबॉल आणला. मुलें बहुतेक ब्राह्मण पंडितांचीं. चेंडू चामड्याचा आहे हें कळतांच त्यांनीं त्याला शिवण्याचें साफ नाकारलें. तेव्हां हातांत काठ्या घेतलेले शिक्षक मैदानावर उभे करून खेळ सुरू करण्यांत आला. एका मुलाच्या तोंडावर चेंडू आदळला. आपण विटाळलों म्हणून तो रडूं लागला, आणि त्याला पाण्यावर नेऊन धुवावें लागलें. पुढें काश्मिरांत हा खेळ चांगलाच रुजला, हें खरें. तथापि ज्या चामड्याच्या स्पर्शानें तो मुलगा रडला, तें कमावणें व शिवणें हा आपल्यांपैकीं कित्येकांच्या वाडवडिलांचा धंदा होता, हें आपण विसरूं नये. त्या मुलांजवळ पुस्तकें होतीं आणि पुढें नोकरीची आशा होती. त्यांना उणें होतें तें अंगमेहनतीचें व धिटाईचें. आपल्या प्रश्नांतील मुलाची गोष्ट नेमकी उलट आहे. धिटाई त्याच्यापाशीं पुष्कळ, पाटी नाहीं.

अशीं मुलें सन २००१ मध्यें नागपूर येथील हिस्लॉप कॉलेजांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या दृष्टीस पडलीं. (स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नांवाचें हें कॉलेज १८८३ पासूनचें आहे.) भर पावसांत झोपडपट्टींतील पोरें एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळत होतीं. बारसे यांनीं त्यांना चेंडू दिला. जोंपर्यंत तीं खेळत आहेत, तोंपर्यंत वाईट सवयींपासून दूर राहतात, असें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांतून झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा निघाल्या, पुढें ‘स्लम सॉकर’ हें काम उभें राहिलें, आणि चेंडूच्या खेळांतूनच गणित व इंग्रजी शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. सन २०१६ मध्यें फुटबॉलच्या जागतिक संघटनेनें, म्हणजे फिफानें, आपला विविधतेचा पुरस्कार या कामाला दिला. २०२२ मधील ‘झुंड’ हा चित्रपट बारसे यांच्याच कामावरून काढलेला आहे, म्हणून ही हकीकत आतां खेड्यांतही माहीत झाली आहे.

आतां कोणी म्हणेल, ही तर गळाला लावलेली अळी झाली. मासा अळीसाठीं येतो आणि टोपलींत पडतो. मूल चेंडूसाठीं येतें आणि बांकावर बसतें. हा आक्षेप हंसून टाळण्यासारखा नाहीं. आमिषाच्या आरोपाची धार काय असते, हें आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. माझ्या मतें पारख अशी करावी: मूल शाळेंत दाखल झाल्यावर चेंडूचें काय झालें? हजेरीपटावर नांव चढतांच चेंडू कपाटांत गेला असेल, तर तो गळच होता. पण खेळ चालूच राहिला, त्यांत मुलाला जो आनंद व जो मान मिळत होता तो तसाच राहूं दिला, तर फसवणूक कोठें झाली? खेळ ही मुलाची स्वतःची गरज आहे. शिक्षणाची भरपाई म्हणून त्याला खेळूं दिलें, असें कोणीं समजूं नये.

याहून अवघड प्रश्न अटीचा आहे, आणि तो आफ्रिकेंतील एका उदाहरणावरून चांगला कळतो. केनिया देशाची राजधानी नैरोबी. त्या शहरांत मथारे नांवाची विस्तीर्ण झोपडवस्ती आहे. सन १९८७ मध्यें बॉब मन्रो नांवाचे कॅनडाचे एक गृहस्थ तेथें मुलांचा खेळ पाहात थांबले. चेंडू म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या दोरीनें आवळून केलेला गोळा. मुलांना खरा चेंडू हवा होता. त्यांच्याशीं करार असा ठरला कीं तुम्ही कांहीं कराल तर आम्हीही कांहीं करूं. तुम्ही स्वस्थ बसाल तर आम्हीही बसूं. वस्तींत उघडीं गटारें कचऱ्यानें तुंबत व त्यांतून रोगराई होई. म्हणून सामना जिंकल्यास जसे गुण मिळत, तसेच वस्ती साफ केल्याबद्दलही संघाला गुण मिळूं लागले. फावडें न धरणारा संघ, कितीही चपळ असला तरी, गुणांच्या तक्त्यांत मागें पडूं लागला! १९९२ पासून मुलींचे संघही निघाले.

त्या देशांत प्राथमिक शाळेची फी २००३ सालीं माफ झाली, परंतु पुढील शाळेची राहिली. आणि गरीबाचें मूल गळतें तें बहुधा तेथेंच. मथारेच्या संस्थेनें फीसाठीं जीं बक्षिसें ठेविलीं, तीं सर्वांत जास्त गोल करणारासाठीं ठेविलीं नाहींत. लहानांना शिकविणें, पंच म्हणून उभें राहणें, साफसफाईस हजर असणें यांवरून तीं ठरत, आणि पैसे मुलाच्या हातीं न देतां शाळेकडे भरले जात.

मला हा भेद फार मोलाचा वाटतो. पायांतील कसब ही उपजत देणगी आहे. ज्याला ती मिळाली नाहीं, त्याचा त्यांत दोष काय? केवळ चांगल्या खेळाडूची फी भरणें म्हणजे खेळाची मजुरी देणें होय, आणि ज्या दिवशीं गुडघा मोडला त्या दिवशीं ती मजुरी बंद. याउलट लहानांना गोळा करून रांगेंत उभें करणें मंद पायाच्या मुलालाही जमतें. गरीबाच्या मुलापासून मोबदल्यांत काम घेणें निष्ठुरपणाचें आहे, असेंही कोणी म्हणेल. काम त्याला पेलणारें नसेल, किंवा ज्या वेळांत अभ्यास करावयाचा तोच वेळ खाणारें असेल, तर तें निष्ठुरच होय. नाहीं तर, मी कोणाच्या दयेवर शिकलों नाहीं, असें ज्याला म्हणतां येतें त्याची मान निराळी असते. हें ज्यानें वसतिगृहांत झाडलोट करून विद्या मिळविली त्याला सांगावें लागणार नाहीं.

खरें बोलण्याची जबाबदारीही येथें आहे. मथारेच्या मुलांमधून निघालेल्या मथारे युनायटेड संघानें २००८ सालीं आपल्या देशाची लीग जिंकली. परंतु मैदानावर आलेलीं मुलें हजारोंनीं, आणि खेळावर पोट भरणारे मूठभर! ‘तूं मोठा खेळाडू होशील’ असें प्रत्येक मुलाला सांगून जो त्याला बोलावतो, तो नव्याण्णवांशीं खोटें बोलतो. ‘खेळ तुला आवडतो म्हणून ये, आणि ही दुसरी गोष्टही येथें आहे’, एवढेंच सांगितलें तर मुलें कमी येतील असें मला वाटत नाहीं.

शिवाय दार उघडलें तरी आंत घर असलें पाहिजे. झारखंडांत रांचीजवळच्या खेड्यांतून सन २००९ मध्यें ‘युवा’ नांवाच्या संस्थेनें मुलींचे फुटबॉल संघ काढले. लहानपणींच लग्न होऊन जाणें, हा तेथील मुलींच्या शिक्षणाच्या आड येणारा डोंगर. १५-२० मैत्रिणी रोज ठरल्या वेळीं भेटूं लागल्या म्हणजे एकटीला जें घरीं बोलवत नाहीं तें बोलण्याचा धीर येतो. २०१३ सालीं त्यांतील एक संघ स्पेन देशांत जाऊन एका स्पर्धेंत तिसरा आला, आणि वर्तमानपत्रें भरून गेलीं. पण संस्थेनें तेवढ्यावर न थांबतां २०१५ सालीं मुलींसाठीं स्वतःची शाळा काढली. कारण जवळच्या शाळेंत नांव असणें आणि शिकणें या दोन गोष्टी एक नव्हत्या. मोठ्या मुलींनीं धाकट्यांना मैदानावर शिकवावें, हीही तेथील रीत. सन २०१९ चा लॉरिअस पुरस्कार त्यांना मिळाला तो कपांवरून नव्हे, या कामावरून.

आपल्या खेड्यांत हें कोणी करूं म्हणेल, तर खर्चाची अडचण सर्वांत लहान आहे. चेंडू एक लागतो, आणि खळें सुगीनंतर मोकळेंच असतें. अडचण वेळेची आहे. शेळ्या घरीं येईपर्यंत दिवस मावळतो, आणि पाणी भरण्याची वेळ तीच मुलींच्या खेळण्याची. मुलगा निदान हाक मारल्यावर पळून तरी येतो; मुलगी येते ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन, आणि खळ्याच्या कडेला उभी राहून पाहते. तें मूल तासभर कोण सांभाळणार, हें तिच्या आईशीं बसून आधीं ठरवावें. चेंडू नंतर आणला तरी चालेल.