हुकमाचे ताबेदार

लुकास पोप नावाच्या गृहस्थांनी २०१३ साली ‘पेपर्स, प्लीज’ हा संगणकावरचा खेळ काढला. त्याचा नायक कोण, तर कारकून! ना तलवार, ना घोडा. हातात दोन शिक्के. आमच्या जमातीला हा मान कालिदासानेसुद्धा दिला नव्हता. साल १९८२, देश आर्स्टोट्झ्का (काल्पनिक, पण हुकूमशाही अस्सल). सीमेवरच्या खिडकीत हा बसतो. नोकरी लॉटरीत लागलेली. माणशी ५ क्रेडिट मजुरी. त्यात भाडं, जेवण, पोरगा, वर सासू! नियम रोज नवा, आणि तो साहेबाचा.

मग एक नवरा येतो. कागद चोख. जाताना म्हणतो, मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. बायकोजवळ परवाना नाही. परत गेले तर मारतील, म्हणते. सोडलं तर ठपका. पण दिवसातले पहिले दोन ठपके फुकट असतात!

आता तिला परत धाडली, तर धाडली कोणी? सरकार काही खिडकीत दिसत नाही. दिसतो तो मी. ‘आम्ही काय, हुकमाचे ताबेदार,’ हे बँकेत मी दिवसातून दहादा म्हणतो. केवायसीच्या वेळी तर फारच उपयोगी पडतं. त्या बाईपुढे मात्र ते तोंडातून फुटेना. हिरवा शिक्का मारला. ठपक्याची चिठ्ठी खरखरत आलीच. तोवर पुढचा माणूस खिडकीशी उभा.