सत्कार नको, मेसचे पैसे द्या

जून उजाडला की मंगल कार्यालयांतली लग्नांची गर्दी ओसरते आणि गुणवंतांची सुरू होते. ज्ञातिसंस्था, पतसंस्था, गणेश मंडळे, क्लासवाले, होऊ घातलेले नगरसेवक अशा सगळ्यांचे गुणगौरव समारंभ एकामागून एक लागतात. नव्वद टक्क्यांच्या वरची मुले रांगेने मंचावर चढतात. ट्रॉफी, गुलाबाचे फूल आणि पाचशे रुपयांचे पाकीट घेऊन, फोटोसाठी क्षणभर थांबून दुसऱ्या बाजूने उतरतात. हुशार मुलीला हेच चार ठिकाणी करावे लागते. घरी शोकेसमध्ये ट्रॉफ्यांना जागा उरत नाही.

यातला खर्च कुणी तरी एकदा कागदावर मांडावा. हॉल, फ्लेक्स, साउंड, प्रमुख पाहुण्यांची गाडी, शाल-श्रीफळ, उपमा-शिरा. या सगळ्यांच्या बेरजेपुढे मुलांच्या हाती पडलेली रक्कम पासंगालाही पुरत नाही. आणि बासष्ट टक्के मिळवून वाडीवरून जिल्ह्याच्या गावी बी.एस्सी.ला आलेली मुलगी या यादीत कुठेच नसते. तिला ट्रॉफी नको असते. जुलै महिन्यात खोलीचे डिपॉझिट आणि मेसचा अॅडव्हान्स कुठून आणायचा, एवढाच तिचा प्रश्न असतो.

विद्यापीठाच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती निधी उभारायचा विचार आज अनेक गावांत, अनेक बॅचच्या ग्रुपवर चालतो. चांगली गोष्ट आहे. पण तो निधी याच सत्काराच्या साच्यात ओतायचा असेल, तर न उभारलेला बरा.

दानाचा साचा बदलता येतो, याचा दाखला पुण्यातच आहे. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेले तरी इंग्रजांनी ती कमी करून चालू ठेवली आणि तिच्यातला काही भाग १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळेकडे वळवला. पुढे १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशातून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना उत्तेजन द्यावे. सनातन्यांनी गहजब केला. लोकहितवादी या खटपटीत होते आणि जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच दक्षिणेतून पुढे महाविद्यालयांत दक्षिणा फेलोशिप निघाल्या आणि न्यायमूर्ती रानडे तरुणपणी त्या फेलोंपैकी एक होते. पैसा तोच होता. तो कुणाला आणि कशासाठी द्यायचा, एवढे बदलले.

आपल्याकडे शिष्यवृत्ती म्हटले की हटकून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. बी.ए.साठी दरमहा २५ रुपये आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. एवढ्या बळावर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. भाषणे बहुधा इथे थांबतात. पुढचे कुणी सांगत नाही. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यात आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. अमेरिकेचा खर्च ज्या दरबाराने उचलला, त्याच दरबाराच्या राजधानीत या माणसाला पाठ टेकायला जागा नव्हती. शिष्यवृत्तीने फी भागते. मुलगा रात्री कुठे निजतो आणि कुठे जेवतो, हा प्रश्न तिच्या बाहेर राहतो, आणि बहुतेकांचे शिक्षण तिथेच अडते.

ही गोष्ट शाहू महाराजांनी फार लवकर ओळखली होती. त्या काळी पुण्या-कोल्हापुरात शिकायला आलेला ब्राह्मण मुलगा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात मानहानी होती, पण पोट भरे. ज्या जातींची शहरात घरेच नव्हती, त्यांच्या मुलांना वार लावायला दारच नव्हते. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. भाऊराव पाटलांनी त्यापुढचे पाऊल टाकले. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकू येते. ते कशासाठी मोडले, हे मात्र ऐकणाऱ्याच्या कानावरून जाते. बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी. पारितोषिकासाठी नव्हे.

‘सरकार देतेच की!’ हे वाक्य निधीची गोष्ट काढताच पहिल्यांदा ऐकू येते. देते, हे खरे आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. इतर मागास, भटके, आर्थिक दुर्बल यांच्यासाठी योजना आहेत, स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हे सगळे लढून मिळालेले आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पण ज्याने महाविद्यालयाच्या कार्यालयात एक दुपार काढली आहे, त्याला ही यंत्रणा जवळून माहीत असते. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा तर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचा लागतो, नॉन-क्रिमीलेअर लागतो, मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र लागते. बँक खात्याला आधार जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही येत नाही. मग अर्ज क्लार्कच्या लॉगिनला पडतो, तिथून प्राचार्यांच्या, तिथून जिल्ह्याच्या. खिडकीपाशी मुले मोबाइल पुढे करून एकच विचारतात, ‘सर, अजून पेंडिंगच दाखवतंय.’ पैसे येतात तेव्हा कित्येकदा वर्ष सरलेले असते. तोवर बापाने सोसायटीचे कर्ज वाढवलेले असते किंवा मुलाने कुरिअरची पिशवी खांद्यावर घेतलेली असते. कागदोपत्री तो अजून विद्यार्थी असतो, वर्गात मात्र दिसत नाही.

मुलींचे आणखी वेगळे. अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत असतो. पदवीला प्रवेश घेतला की तो संपतो. फी माफ झाली म्हणून इंजिनिअरिंगला नंबर लागतो, पण शहरात कॉटचे भाडे आणि मेस मिळून महिन्याला सहा-सात हजार लागतात. ते नसले की घरचे म्हणतात, ‘तालुक्यालाच बीए कर, घरून येऊन-जाऊन.’ यात कुणी दुष्ट नसते. हिशोब जुळत नसतो.

खाजगी निधीचे काम या फटीत आहे. सरकारची नक्कल करून पुन्हा फीच भरण्यात अर्थ नाही. जुलैत, पहिल्या आठवड्यात, मेस आणि खोलीसाठी रोख मदत, आणि मग दरमहा ठरल्या तारखेला रक्कम खात्यात. शिष्यवृत्ती मार्चमध्ये येणार असेल तर ती जुलैत दिलेल्या पैशाची जागा घेऊ शकत नाही.

आता पैसा उभा कसा करायचा ते बघू. आपल्याला ठेवीचे फार वेड. ‘दोन लाख टाकू, व्याजावर आईच्या नावाने बक्षीस चालू ठेवू.’ विद्यापीठांच्या आणि जुन्या महाविद्यालयांच्या बक्षीस-याद्या अशा नावांनी भरलेल्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वी पाच हजार ही मोठी रक्कम होती. आज तिच्या वर्षभराच्या व्याजात मेसचे चार दिवसही निघत नाहीत. एका मुलाची कॉट आणि मेस, दहा महिन्यांची, साधारण सत्तर हजार धरली तर सात टक्क्यांनी तेवढे व्याज यायला दहा लाखांची ठेव लागते. एका मुलामागे दहा लाख! मध्यमवर्गीयांच्या बॅचला ते झेपणारे नाही, आणि ठेव जमेपर्यंत थांबलो तर चार-सहा वर्षांची मुले हातची जातील. त्यापेक्षा साठ जणांनी महिन्याला पाचशे रुपये द्यावेत. वर्षाचे तीन लाख साठ हजार होतात आणि त्यातून पाच मुलांचे राहणे-जेवण सुटते. ठेव जमवायला एखादा जमशेटजी टाटा लागतो. वर्गणीला मध्यमवर्गाचे शिस्तबद्ध साठ जण पुरतात.

नोंदणीचे म्हणाल, तर सुरुवातीला नवा ट्रस्ट काढू नये. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असलेल्या, हिशेब चोख ठेवणाऱ्या एखाद्या जुन्या संस्थेत वेगळे खाते उघडून घ्यावे. नवे ट्रस्ट विश्वस्तांच्या भांडणात आणि वर्षानुवर्षे अडकलेल्या बदल अहवालांत कसे सडतात, हे प्रत्येक तालुक्यात पाहायला मिळते. ऐंशी-जीच्या सवलतीचा मोह असणाऱ्यांना सांगावे, की नव्या करप्रणालीत ती नाहीच. करासाठी दान देणारे आपोआप गळतील. गळू द्यावेत.

निवड हा खरा नाजूक भाग. अमुक टक्क्यांची अट घातली की निधी पुन्हा गुणगौरवाकडे घसरतो. पास होत राहावे आणि वर्गात यावे, एवढी अट पुरे. कुणाला गरज आहे हे वर्गशिक्षकाला, वसतिगृहाच्या रेक्टरला आणि कॅन्टीनवाल्याला माहीत असते, त्यांना विचारावे. ‘गरजू विद्यार्थ्यांची यादी’ फलकावर लावू नये. थर्माकोलचा मोठा धनादेश हातात देऊन फोटो काढू नये. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आपली गरिबी सगळ्या वर्गासमोर धरून उभे राहायला लावण्याचा हक्क आपल्याला पाचशे रुपयांनी मिळत नाही.

काही जण फसवतील. खोटा दाखला आणतील, दुचाकीवर येऊन मदत मागतील. दहात एखादा फसवणारच. त्या एकासाठी उरलेल्या नऊ जणांची उलटतपासणी घेणारा निधी चालवू नये. ‘फुकट दिले की किंमत राहत नाही’ हे तर मी फक्त ज्यांना सगळे बापाकडून फुकट मिळाले त्यांच्या तोंडून ऐकले आहे. टाटांनी १८९२ मध्ये काढलेल्या निधीत परतफेडीची अट होती आणि ती चालली, कारण परदेशी शिकून येणाऱ्याला पुढे चांगली मिळकत होणार हे दिसत होते. नांदेडच्या बी.ए.च्या मुलावर आणखी कर्ज लादून काय साधेल? नोकरी लागल्यावर एका मुलाचे निम्मे पैसे उचलावेत, एवढे तोंडी सांगावे. जितके पाळतील तितके पाळतील.

आणि जात. ज्ञातिसंस्थांचे निधी आजही मोठे आहेत. एक काळ असा होता की त्यांच्याखेरीज दुसरा आधार नव्हता, म्हणून बोर्डिंगे जातीची झाली. आज ‘आपल्या समाजातील होतकरू’ एवढ्यावरच थांबणारा निधी भाऊरावांच्या पंगतीच्या शंभर वर्षे मागे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना ज्ञातीचे पैसे ज्ञातीतच द्यायचे आहेत त्यांनी खुशाल द्यावेत, फक्त त्याला समाजकार्य म्हणू नये.

तुमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा दिवाळीच्या सुमारास ठरतच असेल. लॉन, फेटे, एकसारखे टी-शर्ट, ड्रोन आणि दोन वेळचे जेवण. माणशी वर्गणीचा आकडाही ग्रुपवर आला असेल. यंदा फेटे आणि ड्रोन वगळा आणि तेवढी रक्कम खात्यात टाका. तालुक्याच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन करून विचारा, या सत्रात किती मुलांचे मेसचे पैसे थकले आहेत आणि किती जण हजेरीतून गळाले आहेत. नावे विचारू नका, संख्या विचारा. पुढच्या जुलैच्या आधी तेवढे हप्ते उभे करा.