अवजार कोणाच्या हाती?



आपला भंडारा पितळी भांड्यांचा आणि कोसा कापडाचा जिल्हा. कासाराची भट्टी, कोष्ट्याचा माग घरातच असे आणि कसब बापाकडून मुलाकडे जाई. ज्याचा जन्म त्या घरात झाला नाही त्याला ती अवजारे लांबून पाहायला मिळत, हाती धरायला नाही. घरच्या स्त्रियांचेही फारसे वेगळे नव्हते. कांड्या त्यांनी भरायच्या आणि विणकर म्हणून नाव मात्र पुरुषाचे!

मालकी खाजगी असली तरी वस्तूचा उपयोग सर्वांना व्हावा, असे तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. धान्य किंवा जमिनीच्या बाबतीत हे आपल्याला पटते. अवजाराची गोष्ट थोडी निराळी आहे. धान्य वाटले की संपते, अवजार संपत नाही. पण चालवता येत नसेल तर ते हातात देऊनही काही दिल्यासारखे होत नाही. म्हणून येथे वाटून घेणे म्हणजे शिकवणे आले, आणि शिकवणे म्हणजे नुकसान सोसणे आले.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने मोठ्या कंपनीतील नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली खेड्यातील मुले तेथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजकाम, शेती असे सारेच हाताने करून शिकू लागली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तेथे ‘फॅब लॅब’, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची सामाईक कार्यशाळा, उभी राहिली. जगातील अशा अगदी पहिल्या कार्यशाळांपैकी ती एक.

कलबागांच्या पद्धतीत मुले गावकऱ्यांची खरी कामे करतात आणि गावकरी त्याचा खर्च देतात. सेवेचे पैसे कसले, असे कोणी म्हणेल. मला मात्र त्यात मोठा न्याय दिसतो. फुकट मिळालेले फाटक वाकडे निघाले तर घेणारा गप्प बसतो, कारण उपकाराला नाव ठेवता येत नाही. ज्याने पैसे मोजले तो हक्काने म्हणतो, “पोरा, हे नीट कर.” ज्याला तक्रार करता येते तोच बरोबरीचा. शिकणाऱ्या मुलाचाही यात मान राहतो. त्याच्या कामाला कोणी दयेने चांगले म्हणत नाही.

जगभरच्या फॅब लॅबसाठी एक सनद आहे. यंत्रे सर्वांना खुली असावीत, आणि वापरणाऱ्याने सुरक्षितता पाळावी, जागा स्वच्छ ठेवावी, आपले ज्ञान इतरांना द्यावे, असे ती सांगते. परदेशात जागा झाडणे ही साधी शिस्त वाटेल. आपल्याकडे झाडू कोणी धरायचा हे शतकानुशतके जन्मावरून ठरले आहे. इंजिनियरने आपल्या यंत्राखालचा भुसा स्वतः गोळा करणे ही येथे लहान गोष्ट नाही. दार उघडे ठेवले आणि झाडणारे मात्र तेच राहिले, तर आत कोणाला घेतले म्हणायचे?

कित्येक शाळांत शिवणयंत्रे, सुतारकामाची टेबले रविवारी आणि सुटीत कुलपात असतात. कुलपाला कारण आहे. करवतीवर बोट जायला क्षण पुरतो, म्हणून शिकवणारा माणूस जवळ हवाच. निवृत्त फिटर, शिंपी, वायरमन गावोगावी आहेत. त्यांच्यापैकी कोणी शनिवारी दोन तास बसेल का, चाकाच्या खुर्चीवरील मुलाला पुरेल असे एखादे टेबल कापून खाली करता येईल का, आणि मोडलेल्या सुयांचा खर्च कोण देईल, एवढे तरी आधी विचारून पाहावे.