शंभरावा भाग

सर्किट बोर्डाची आखणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्पिल काढायचं बटण नसतं. मी वापरतो त्या किकॅडमध्ये तरी नाही. रेघ आहे, चाप आहे, वर्तुळ आहे, बहुभुज आहे. बहुतेक कामं तेवढ्यात होतात. एका चिपच्या पायापासून दुसरीच्या पायापर्यंत तांब्याचा ट्रॅक न्यायचा. मध्ये काही आडवं आलं तर ४५ अंशांत वळायचं आणि पुढे जायचं.

पण कधी कधी बोर्डावरच कॉइल हवी असते. मोबाइल टेकवला की ओळख पटवणाऱ्या एनएफसी उपकरणात असते तशी. एकच ट्रॅक, एकाच पातळीत, फिरत फिरत बाहेर जाणारा. चौकोनी कॉइलही चालते. तरी तेवढ्याच लांबीच्या तांब्यात गोल कॉइल जास्त क्षेत्र कवेत घेते. आणि गोल म्हटलं, तरी ती एकात एक बसवलेली वर्तुळं नव्हेत. प्रत्येक फेऱ्यात ठरावीक अंतर बाहेर सरकायचं असतं. आर्किमिडीजने अभ्यासलेलं हे सर्पिल. त्याचा नियम एका ओळीत मावतो: जितका कोन फिराल, त्या प्रमाणात केंद्रापासून दूर जाल.

बटण नाही, म्हणून पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहायचा. कोन थोडा वाढवायचा. केंद्रापासूनचं अंतर काढायचं. तिथे बिंदू ठेवायचा आणि मागच्या बिंदूपासून सरळ ट्रॅक ओढायचा. पुन्हा कोन वाढवायचा. एक गोष्ट सांभाळावी लागते. शाळेतल्या आलेखात ‘वाय’ वरच्या दिशेने वाढतो, इथे पडद्यावर तो खाली वाढतो. सूत्र जसंच्या तसं घातलं तर कॉइल उलटी फिरते.

हे तुकडे जुळत जाताना मी पुष्कळदा नुसता बघत राहतो. त्यातला एकही तुकडा वळत नाही. मोठा करून पाहिला तर प्रत्येक जण नाकासमोर चाललेला. तरीही शेवटी गोलाई दिसते. वळण तुकड्यात नसतं, सांध्यात असतं.

कारखान्याकडे जाणाऱ्या फाइलची भाषाही अशीच मोजकी. तिला गर्बर म्हणतात. जोसेफ गर्बर यांच्या कंपनीच्या यंत्रांमधून ती आली. ही यंत्रं प्रकाशाच्या ठिपक्याने फिल्मवर रेघा काढत. रेघ ओढायची म्हटलं की त्या भाषेला दोनच चाली येतात: सरळ जाणं आणि वर्तुळाच्या चापावरून जाणं. सर्पिल तिला ठाऊक नाही. सरळ रेघांऐवजी चाप जोडले तर तुकडे बरेच कमी लागतात. पण लागतात ते तुकडेच. त्याहून खोलवर पाहिलं तर किकॅड सगळी मापं आतून नॅनोमीटरच्या पूर्णांकांत ठेवतं. सूत्रातून आलेला बिंदू नेमका या पूर्णांकांच्या जाळीच्या छेदावर क्वचितच पडतो. मग तो जवळच्या छेदावर बसवला जातो.

म्हणजे सूत्रातलं सर्पिल बोर्डावर कधीच उतरत नाही. उतरतं ते त्याच्या जवळचं काहीतरी. मला यात उणेपणा वाटत नाही. सूत्र आहे म्हणूनच आपण किती जवळ आलो ते सांगता येतं. नाहीतर नुसता अंदाज राहिला असता.

मग उरतो तो एकच प्रश्न. किती जवळ म्हणजे पुरेसं जवळ?

इथे मला भास्कराचार्य आठवतात. ‘सिद्धांतशिरोमणी’ हा त्यांचा ग्रंथ ११५०चा. त्याच्या गोलाध्यायात पृथ्वी गोल असून सपाट का दिसते, याचं उत्तर आहे. परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, असं ते म्हणतात. पृथ्वी प्रचंड आणि तिच्या पाठीवर उभा असलेला माणूस अगदी लहान, म्हणून ती सगळीच त्याला सपाट वाटते. या उत्तरातला शांतपणा मला फार आवडतो. डोळा फसवतो असं ते म्हणत नाहीत. डोळ्याला किती दिसतं, त्याचं माप ते सांगतात.

ते माप कॉइलला लावून बघण्यासारखं आहे. १० मिलिमीटर त्रिज्येचा एक फेरा घ्या. त्याचे शंभर सरळ तुकडे करा. प्रत्येक तुकडा ही एक जीवा. जीवेच्या मध्यावर खरा चाप तिच्यापासून किती उंच राहतो, त्या अंतराला शर म्हणतात. जीवा आणि व्यास यांवरून शर काढायची रीत भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’त आहे. माझ्या प्रोग्रॅममधली शर काढणारी ओळ या रीतीहून वेगळी नाही. उत्तर येतं सुमारे ५ मायक्रोमीटर. बोर्डावरच्या तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रोमीटर जाड असतो. नको असलेलं तांबं काढायला एचिंग करताना रसायन ट्रॅकच्या कडा खाऊन त्या ५ मायक्रोमीटरहून जास्त मागेपुढे करतं. साडेआठशे वर्षांपूर्वी पृथ्वीकडे बघून सांगितलेला शंभरावा भाग नाण्याएवढ्या कॉइललाही पुरतो. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी खूप वेळ त्या आकड्यांपाशीच थांबलो होतो.

शंभराऐवजी छत्तीसच तुकडे केले तर? शर ३८ मायक्रोमीटर होतो. फेऱ्याच्या आतलं क्षेत्र जेमतेम अर्ध्या टक्क्याने घटतं. शेजारी जोडलेल्या साध्या कपॅसिटरलाच ५ टक्के कमीजास्त असण्याची मुभा असते. तेव्हा कॉइलच्या कामात फरक पडत नाही. पण बोर्ड तिरप्या उजेडात धरला की कोपरे जाणवू लागतात. विजेला पुरतं ते डोळ्याला पुरत नाही.

हा डोळा कोणाचा? कॉइलवर सोल्डर मास्कचा हिरवा थर चढणार, बोर्ड डबीत जाणार, डबीला स्क्रू लागणार. वापरणारा तिथवर पोचणार नाही. तरी मी शंभर घेतो. जास्तीच्या बिंदूंसाठी संगणकाला काही कष्ट पडत नाहीत. आणि आपण काढलेल्या रेषेकडे पाहताना आपल्याला बरं वाटावं, ही इच्छा मला लहान वाटत नाही. कामातली पुष्कळशी निगा अशाच, कोणी न मागितलेल्या जागी खर्च होते. ती तिथेच राहते.

पण शंभराच्या पुढे धावत सुटण्यातही अर्थ नाही. तुकडे दुप्पट केले की शर चौथाईवर येतो. आणखी दुप्पट केले की सोळाव्या भागावर. लवकरच आपण अशा सूक्ष्मतेत शिरतो जी कोणतंही रसायन तांब्यात उतरवू शकत नाही. फाइल तेवढी फुगते.

शिवाय सर्पिलात सगळे फेरे सारखे नसतात. आतल्या लहान फेऱ्याला जे तुकडे पुरतात, तेच बाहेरच्या मोठ्या फेऱ्याला दिले तर तिथे शर वाढतो. त्रिज्या चौपट झाली तर तितकंच जवळ राहायला तुकडे दुप्पट लागतात. सर्वांना सारखा कोन वाटून दिला की आत उगाच दाटी होते आणि बाहेर ओबडधोबडपणा येतो. म्हणून मी प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत तुकड्यांची संख्या लिहीत नाही. सूत्रापासून किती दूर गेलेलं चालेल, ते लिहितो. किती पावलांत पोचायचं, ते मग प्रत्येक फेऱ्याचं वेगळं निघतं.