परक्याला परवडणारं गाव

आम्हा मैत्रिणींचा कमी पैशांत टॅलिनला जायचा बेत बरेच दिवस शिजतो आहे. टॅलिन ही एस्टोनियाची राजधानी, बाल्टिक समुद्राकाठचं तटबंदीचं जुनं बंदर. चर्चेत एकजण सहज म्हणून गेली, "एवढ्या पैशांत सहाशे वर्षांपूर्वीच्या गल्ल्यांत राहायला मिळतंय. आपण नेरुळहून निघून इथे काय बघणार? पडक्या भिंती?" मी तिथल्या तिथे अलिबागजवळच्या रेवदंडा-चौलचं नाव घेतलं. ती हसली. ते हसणं मला अजून सलतं.

स्वस्तात फिरायच्या युक्त्या सगळ्यांना पाठ आहेत: हंगाम टाळा, हॉस्टेलात राहा, बरोबर थेपले न्या. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक वेगळा आहे. जवळ पैसे असून हात आखडता घेणं ही एक गोष्ट आणि जवळ पैसेच नसणं ही दुसरी. दोघांचा खर्च वहीत सारखाच दिसेल, पण एकजण घासाघीस करत फिरतो आणि दुसऱ्याला अनोळखी माणसांच्या भरवशावर फिरावं लागतं. एस्टोनियाला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या नियमांत या दुसऱ्याला जागाच नाही. प्रौढ माणसाला ९० युरो शुल्क, ते व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा. शिवाय बँकेची कागदपत्रं. कमी पैशांत जायचं असलं तरी पुरेसे पैसे आहेत हे आधी सिद्ध करावं लागतं.

दुसऱ्या जातीचा प्रवासी बघायचा तर अफानासी निकितिनकडे बघावं. हा त्वेर शहराचा रशियन व्यापारी १४७०च्या आसपास चौलला उतरला. व्होल्गेतून खाली येताना अस्त्राखानजवळ त्याचा माल लुटला गेला. बरोबरच्यांपैकी ज्यांचं गावी काही होतं ते माघारी गेले. डोक्यावर कर्ज असलेल्यांना रिकाम्या हातांनी परतायची सोय नव्हती. निकितिन पुढेच चालत राहिला. दरबंद, बाकू, इराण, होर्मुझ, आणि तिथून एक घोडा घेऊन गलबतानं चौल. जुन्नरला तिथल्या खानानं तो घोडाच काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन असं बजावलं. एका खुरासानी माणसानं रदबदली केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. पुढे तो बहमनी सुलतानाच्या राजधानीत, बिदरला गेला. त्याच्या टिपणांत सुलतानाच्या स्वाऱ्या आहेत, हत्ती आहेत, पण मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी नोंद: आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत हे कळल्यावर इथल्या हिंदूंनी आपल्यापासून जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा काही लपवलं नाही. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्क गाठण्याआधीच, तो वारला. स्मोलेन्स्क तेव्हा लिथुआनियाच्या ताब्यात होतं, म्हणजे आम्ही जातो आहोत त्याच मुलखाकडच्या एका सत्तेत. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या पंचवीसेक वर्षं आधी हा माणूस कुठल्याही राजाच्या खजिन्याशिवाय आपल्या किनाऱ्यावर वावरून गेला. रेवदंड्याला शाळेच्या आवारात २००२पासून त्याचं स्मारक आहे.

मैत्रिणीला मी हे सगळं ऐकवलं. शिवाय पनवेलहून एसटीनं अलिबाग आणि तिथून रेवदंडा, एवढाच प्रवास. पोर्तुगीजांनी बांधलेल्या तटाच्या आत आजही नारळी-पोफळीच्या वाड्या आणि नांदती घरं आहेत. सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले आहेत. खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या संगतीतून घडलेली बोली अजून घराघरांत बोलली जाते. चौलला रामेश्वराचं देऊळ आणि त्यापुढची पुष्करणी आहे. याला पडक्या भिंती म्हणणं मला आजही मान्य नाही. ज्या तटाच्या आत माणसं चुली पेटवतात तो पडका कसा?

तिनं यातल्या एकाही गोष्टीला उत्तर दिलं नाही. तिनं विचारलं, "आम्ही पाचजणी दिवसभर फिरणार. बाथरूमला कुठे जायचं?"

"कुणाच्या तरी घरी. कोकणात कुणी नाही म्हणत नाही."

"म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी मेहेरबानीवर."

या एका वाक्यानं माझ्या सगळ्या युक्तिवादाखालची जमीन हलली. अनोळखी माणसांच्या भरवशावर राहणं मला थोर वाटत होतं, पण निकितिनच्या गोष्टीतच त्याची दुसरी बाजू आहे. रदबदली करणारा खुरासानी हा माणूसच आणि घोडा काढून घेणारा खानही माणूसच. दोघांपैकी कोण भेटेल हे पाहुण्याच्या हातात नसतं. आणि ज्या हिंदूंनी त्याला घरातलं सगळं दाखवलं, त्यांनीही तो कोण हे आधी जाणून घेतलं होतं. ते जाणून घेणं आपल्याकडे संपलेलं नाही. पाणी पुढे करता करता आडनाव विचारलं जातं, आणि काही आडनावांना पुढचा तांब्या मिळत नाही. सार्वजनिक नळ आडनाव विचारत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक जुन्या गावांत बाईला स्वच्छतागृहासाठी हॉटेलात शिरून काहीतरी मागवावं लागतं. म्हणजे जिच्याजवळ कमी पैसे आहेत तिलाच तो जादा खर्च.

मग टॅलिनकडे मी नव्यानं पाहू लागले. जवळजवळ २ किलोमीटर तटबंदी तिथे अजून उभी आहे. जुन्या शहराला १९९७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नगरभवनाच्या चौकातलं औषधाचं दुकान निदान १४२२पासून चालू आहे. पण माझं लक्ष अडकलं ते बसपाशी. २०१३पासून टॅलिनमध्ये नोंदणीकृत रहिवाशांना शहराच्या बसमधून फुकट प्रवास करता येतो. आम्हाला तिकीट काढावंच लागेल, आणि त्याचं मला काही वाटत नाही. जे शहर आपल्या कमी पैसेवाल्या माणसाची बस चालवतं, त्याच बसमध्ये परक्यालाही बसायला मिळतं. पाहुण्यासाठी म्हणून केलेल्या सोयी त्याच्या खिशाकडे बघून केलेल्या असतात. रहिवाशासाठी केलेल्या सोयी पाहुण्याला आपोआप मिळतात.

हे आपल्याकडेही घडलेलं आहे. भरतीच्या पाण्यात नवी मुंबई बुडू नये म्हणून ती वसवणाऱ्या सिडकोनं धारण तलाव बांधले. नेरुळच्या तलावाकाठी आज सकाळ-संध्याकाळ माणसं चालतात, आणि तिथे कुणी कुणाला कुठून आलात म्हणून अडवत नाही. महाराष्ट्रात २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. या निर्णयावर पुष्कळांनी नाकं मुरडली. मला तो आपल्या राज्यानं पर्यटनासाठी केलेल्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा वाटतो, कारण त्यामुळे घराबाहेर पडणाऱ्या बाईला कुणाकडे हात पसरावा लागत नाही.

२०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ आता आमच्या दारात आहे. उद्या टॅलिनच्या चौघी मुली थोडे पैसे घेऊन इथे उतरल्या, तर त्यांना काय लागेल? रात्रीही उघडं असलेलं स्वच्छतागृह, प्यायचं पाणी, सामान ठेवायला जागा, दोनशे रुपयांत सुरक्षित खाट, कुठली गाडी कुठे जाते ते वाचता येईल अशी पाटी. पनवेलला शेवटची एसटी चुकलेल्या माणगावच्या मुलीलाही नेमकं हेच लागतं. तिच्यासाठी हे केलं, तर त्या चौघींसाठी वेगळं काही करायला नको.

टॅलिनला मी जाणार आहे, आणि तिथे तटबंदी बघून झाली की बसथांबे, सार्वजनिक वाचनालयं आणि चौकातली बाकं बघत हिंडणार आहे. त्याआधी पावसाळा सरला की त्या मैत्रिणीला घेऊन रेवदंड्याला.