आत्मस्तुति आणि दुकानदारी

सातारा-सांगलीकडच्या लहान दुकानदारास आपल्या मालाविषयीं चार शब्द सांगावयास लावा. तो बहुधा संकोचतो. ‘आधीं खाऊन पाहा, मग बोलूं,’ एवढेंच त्याचें उत्तर. हा संकोच निव्वळ भिडस्तपणाचा नव्हे. त्यास आपल्या परंपरेचा आधार आहे. ज्या समर्थांची समाधि साताऱ्याजवळ सज्जनगडावर आहे, त्यांनीं दासबोधांत मूर्खांचीं लक्षणें सांगतांना आत्मस्तुति करणारास गोंविलें आहे, आणि त्याच ओवींत वडिलांची कीर्ति सांगत बसणाराहि सुटलेला नाहीं. (कंदी पेढ्यांच्या दुकानावर पणजोबांचें साल रंगविणारांनीं ही ओवी जरा जपूनच वाचावी!) महाभारताच्या कर्णपर्वांत तर धर्मराजास अपमानाचे शब्द बोलल्याच्या पश्चात्तापानें जीव द्यावयास निघालेल्या अर्जुनास श्रीकृष्ण सांगतो कीं, स्वमुखानें स्वतःची स्तुति कर, म्हणजे तें मरणासारखेंच होईल.

आतां या नीतीची झळ कोणास लागते तें पाहूं. भांडवलवाला व्यापारी स्वमुखानें कांहींच बोलत नाहीं. तो वृत्तपत्राचें पहिलें पान विकत घेतो, नटनट्यांस पैसे देऊन त्यांजकडून आपली आरती ओवाळून घेतो. आणि आपण त्यास मूर्ख न म्हणतां कर्तबगार म्हणतों. घरीं भडंग करून विकणाऱ्या बाईजवळ मात्र जाहिरातीचें साधन म्हणून एक स्वतःचें तोंडच असतें, आणि तेंच आपण शिष्टाचारानें बांधून ठेवतों. जी नीति केवळ निर्धनासच जाचते, तिच्याविषयीं शंका घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमच्या मतें सांगणें आणि वाखाणणें यांत भेद आहे. सांगलीच्या पेठेंत हळद घेणारा हळकुंड मोडून आंतला रंग पाहतो. विकणारानें तें मोडूं दिलें, म्हणजे त्याचें बोलणें झालें. ऐकणाराच्या हातीं परीक्षेचें साधन देऊन जो बोलतो, तो आत्मस्तुति करीत नाहीं.

या वाटेनें जाणारा एक मोठा पुरुष याच मुलखांत होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बेळगांवांत तयार झाला. पण लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीमुळें तो खपतां खपेना, ही कथा सर्वश्रुत आहे. तेथें स्तुतीचा काय उपयोग? ज्याची जमीन तोच परीक्षक. १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं जागा दिली व कुंडलजवळच्या माळावर कारखाना आला. पुढें १९२० मध्यें शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली. मूळ हेतु कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती देण्याचा. पण त्याबरोबर वाचकाच्या उपयोगाचा मजकूर येत गेला, आणि १९२९ सालीं ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ हें मासिक उरलें. १९३० त ‘स्त्री’ आणि १९३४ त ‘मनोहर’ हीं भावंडें जन्मलीं. नांगराच्या पाठीशीं निघालेल्या पत्रकानें मराठी मध्यमवर्गास विचार करावयास लावावें, हा चमत्कार खराच. कोणी म्हणेल, ही तर गोड वेष्टनांतली जाहिरात. आम्हांस तसें वाटत नाहीं. कारखान्याचें नांव मासिकाच्या नांवांतच होतें. बोलणारा कोण, हें वाचकापासून लपविलेलें नव्हतें.

आज लहान दुकानदारास छापखान्याचीहि गरज उरलेली नाहीं. तासगांवचा बेदाणेवाला आपल्या मालाचें छायाचित्र मोबाइलवरून जवळजवळ फुकटांत शंभर घरीं धाडूं शकतो. पण या स्वस्ताईबरोबर एक नवी लबाडीहि आली आहे : छायाचित्र दुसऱ्याच्या मालाचें, आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय पैसे देऊन लिहवून घेतलेले. ही आत्मस्तुतीहूनहि वाईट. स्वतःची स्तुति करणारा निदान स्वतःच्या तोंडानें बोलतो, आणि ऐकणारा त्यांतून योग्य ती वजावट करून घेतो. येथें वजावटीस जागाच ठेवलेली नसते.

राहतां राहिलें गिऱ्हाईक, आणि तोच भाग आम्हांस सर्वांत अवघड वाटतो. विकणारानें स्वतःची स्तुति करूं नये असें म्हणावयाचें असेल, तर ज्यानें माल खाल्ला त्यानें तरी बोललें पाहिजे. तें त्याच्याकडे विकणाराचें येणें आहे. आपलीं सुशिक्षित कुटुंबें काय करितात? घरगुती लोणच्याच्या बरणीवर दहा रुपये कमी करून घेतात, वर्षभर तें आवडीनें खातात, आणि कोठून आणलें असें शेजारणीनें विचारलें, तर ‘ओळखीच्या एका बाईंकडून’ म्हणून विषय बदलतात. न जाणो, मागणी वाढून भाव चढावयाचा! त्याच बाईंकडचा मसाला एखादे वेळीं किडका निघाला, तर मात्र संध्याकाळच्या आंत तिचें नांव, गल्ली आणि घराचा नंबर चार घरीं पोंचलेला असतो.