जीव थकला म्हणजे कोण थकला?

आषाढी जवळ आली कीं आम्ही म्हणतों, 'यंदा जीव थकला, वारी नको.' येथें जीव म्हणजे देह. लेकराला ताप आला कीं 'जीव टांगणीला लागला'. तेथें जीव म्हणजे मन. आणि 'जीव गेला' म्हणतों तेव्हां प्राण. एका शब्दाच्या माथीं ओझीं तरी किती!

गीतेच्या सहाव्या अध्यायांतील पांचव्या श्लोकांत 'आत्मा' हा शब्द 7 वेळां आला आहे. तेथें आत्म्याला बंधु म्हटलें आहे आणि वैरीहि. दुसऱ्या अध्यायांतला, जो जन्मत नाहीं, मरत नाहीं, तो कुणाचा वैरी कसा होईल? म्हणून येथें आत्मा म्हणजे मनच घ्यावें लागतें.

मग वारी नको म्हणणारा आमच्यांतला कोण? पाय तर अजून दर आठवड्याला बाजाराला जातात बरें!